जांभळ्या वाफ्यातली पांढरी फुलं

आमच्या घरी देव स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, फोडणीच्या धुरात बसलेले असत, पण बियाण्याला स्वतःची खोली होती. तिच्यात चप्पल घालून जायचं नाही, ओल्या हातानं जायचं नाही आणि आत मोठ्यानं बोलायचं नाही, असे बाबांचे नियम होते. मोठ्यानं बोलल्यानं तुरीच्या दाण्याला काय होणार, हे विचारायची हिंमत घरात कोणी केली नाही. भिंतीला लागून मडक्यांची उतरंड, प्रत्येक मडक्याच्या तोंडावर फडकं बांधून वरून शेणानं लिंपलेलं, आत राख आणि कडुलिंबाचा वाळला पाला. त्या खोलीत गेलं की आधी कडवट वास यायचा आणि मग त्यामागून धान्याचा गोडसर वास हळूच पुढं यायचा. आसपासच्या गावांत बाबांचं बियाणं नावाजलेलं होतं. बोरी अरबच्या बाजाराला आलेले लोक वाट वाकडी करून आमच्याकडे येत, ओसरीवर बसून चहा घेत आणि तुरीचं बियाणं धोतराच्या सोग्यात बांधून नेत. बाबा उभ्या पिकात तासन्‌तास फिरत. शेंगेचा किंवा पानाचा नूर वेगळा दिसला की ते झाड उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकत. 'भेसळ' हा त्यांच्या तोंडचा सगळ्यात वाईट शब्द. एखाद्या माणसावरचा भरवसा उडाला तर ते शिवी देत नसत. "भेसळ हाय तो," म्हणत आणि त्याचा विषय कायमचा बंद करत.

घरात आम्ही चौघं, आई, बाबा, दादा आणि मी. दादाचं लग्न झालं आणि मंदावहिनी आली, ती दिग्रसच्या मामाची मुलगी. म्हणजे ती माझी आधी मामेबहीण आणि मग वहिनी. आईला ती लग्नानंतरही 'आत्या'च म्हणायची. आमच्या वयात फार अंतर नव्हतं. मी यवतमाळला कॉलेजात होते, शनिवारी दुपारच्या बसनं घरी यायचे आणि फाट्यावरून गावापर्यंत चालत जायचे, तर वहिनी अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या पुलाशी येऊन उभी असायची. हिवाळ्यात ती माझ्यासाठी सोलेभात राखून ठेवायची. ओल्या तुरीचे हिरवे दाणे, म्हणजे आमच्याकडचे सोले, तेलात लसणावर परतून त्यात तांदूळ टाकलेला, आणि वरून लाल मिरचीचं कडकडीत तेल. पातेल्याच्या तळाशी लागलेली खरपुडी आम्ही दोघी एकाच ताटात खायचो. आई चुलीपुढून म्हणायची, "पोरीहो, खरडू नका, पातेलं भोकाचं व्हईन." दुपारी शेजारच्या विहिरीवरचं इंजिन भकभक करत असायचं, आणि ते बंद पडलं की गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला निमकर सर होते. किडकिडीत, कायम स्वेटर घातलेले, फळ्यावर लिहिण्यापेक्षा मुलांना मागच्या आवारात नेऊन उकिडवं बसवण्यात त्यांना जास्त गोडी. तिथं त्यांनी वाटाण्याचे निरनिराळे वाण लावले होते. एका कोपऱ्यात त्यांचा रानवाटाणा होता, त्यांनी कुठूनतरी मिळवलेला. काटकुळा वेल, बोटाच्या पेराएवढ्या शेंगा आणि दाणा इतका टणक की घासल्याशिवाय पाणी शोषत नसे. उन्हं तापू लागली की त्या शेंगा पिळवटून फुटायच्या. टक्, टक् असा आवाज यायचा आणि दाणे आमच्या पायांवर येऊन आपटायचे. सर म्हणाले, "या झाडाला आपली गरज नाही. ते आपलं बी आपणच दूर फेकतं. पण कधीतरी एखादं झाड असं निघालं की ज्याची शेंग फुटलीच नाही. रानात ते झाड वाया गेलं असतं. माणसाच्या हाती लागलं म्हणून त्यानं ते घरी आणलं. आज आपण जो वाटाणा खातो तो सगळा त्या न फुटणाऱ्या शेंगांचा वंश." मी शेतकऱ्याची मुलगी, बियाण्याच्या खोलीशेजारी वाढलेली. पण धान्याला माणसासारखा इतिहास असतो, हे मला त्या उन्हात पहिल्यांदा समजलं.

ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी एक वाफा लावून पाहावा, असं सरांनी सुचवलं आणि मला दोन पुरचुंड्या दिल्या. एकीत पांढऱ्या फुलाचा, फिक्या दाण्याचा वाटाणा होता, आपण बाजारातून आणतो तसा. दुसरीत जांभळ्या फुलाचा जुना देशी वाण, ज्याचा दाणा भुरकट. मी दोन्ही विहिरीजवळ लावले. फुलं धरली तेव्हा आईचा काटा काढायचा चिमटा घेऊन मी आणि वहिनी सकाळीच वाफ्यात बसलो. वाटाण्याचं फूल आतल्या आत स्वतःचेच पराग घेऊन मोकळं होतं, त्यामुळे उमलायच्या आधीच कळी हळूच उघडावी लागते. आतल्या दोन पाकळ्या होडीसारख्या मिटलेल्या असतात. ती होडी उकलायची, आतले परागकोश एकेक करून काढून टाकायचे आणि जांभळ्या फुलातले पराग आणून त्या पांढऱ्या फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचे. माझ्या हातून कळी फाटायची, वहिनीच्या नाही. तिनं कापसातून सरकी वेचून वेचून बोटं तयार केली होती. मी कळी धरायची, ती चिमटा चालवायची. मग तिच्या साडीच्या काठातून ओढलेला लाल दोरा आम्ही देठाला बांधायचो. "हे तर लगनच लावून राह्यलो आपण," ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. बाबा लांबून पाहत होते. वाण मुद्दाम मिसळणारी मुलगी त्यांच्याच घरात निघावी, हे त्यांना पटलेलं नव्हतं. पण सरांनी सांगितलंय म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त माझं बी त्यांनी आपल्या उतरंडीत ठेवू दिलं नाही. त्यासाठी खिडकीत वेगळं गाडगं दिलं आणि त्याचं तोंड मात्र स्वतःच्या हातानं लिंपलं.

पुढच्या हिवाळ्यात ते बी पेरलं, तर सगळ्या झाडांना जांभळी फुलं आली. एकालाही पांढरं नाही. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते आणि तिला वाटाण्याच्या कोवळ्या शेंगांचे डोहाळे लागले होते. या वाफ्यातल्या शेंगा तोडायच्या नाहीत, असं मी बजावलं होतं, म्हणून ती माझ्याकडे पाहत पाहत धुऱ्यावरच्या दुसऱ्या वेलांच्या शेंगा फस्त करायची. वाफ्यात उभी राहून ती म्हणाली, "माय मेली, बापाचंच सारं उतरलं." मी तिला पुस्तकातलं सांगितलं, की पांढरं गेलेलं नाही, आत दबून आहे. तिनं मान डोलावली, खरं तर तिचं लक्ष शेंगांकडे होतं. तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी नेण्यात आलं ते उन्हाळ्याच्या शेवटी. आईनं तिच्याबरोबर डिंकाचे लाडू दिले, आणि बस हलली तेव्हा दादा उगाचच टायरकडे पाहत उभा राहिला.

मुलगी झाल्याचा निरोप पावसाळ्यात आला. दादा पेढे घेऊन दिग्रसला गेला आणि दुसऱ्याच दिवशी परतला. मी सुट्टीवर घरी होते. त्यानं ओसरीवर पिशवी ठेवली, पाय धुतले आणि आईला म्हणाला, "लेकरू पांढरं हाय, आई."

आई म्हणाली, "गोरं असन."

"गोरं नाई. पांढरं. केस पांढरे. डोळ्याच्या पापण्याही. उजेडात डोळे उघडत नाई ते."

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं तिला धक्का बसला. तो कसला धक्का होता हे कळायला पुढं पाच-सहा महिने जावे लागले. दादा सावळा, वहिनी त्याच्याहून सावळी. गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. कोणी ग्रहणाचं बोललं, कोणी देवीचं बोललं. शेजारच्या गिरजाकाकूनं मात्र विहिरीवर पाणी भरताना, मी ऐकेन इतक्या आवाजात, दुसऱ्या बाईला विचारलं की दिग्रसला जिनिंगमध्ये परमुलखातली माणसं कामाला येतात ना. दुसरीनं फक्त घागर डोक्यावर घेतली. तेवढं पुरलं.

आमच्या घरात कोणी वहिनीला दोष दिला नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पण तिला आणायलाही कोणी गेलं नाही. पहिलटकरणीला सासरचं माणूस जाऊन घेऊन येतं, ही रीत. ती दिवाळीच्या सुमाराला यायची होती. दिवाळी झाली. कापसाची वेचणी आली, मग बाबा म्हणाले, वेचणी होऊ द्या. वेचणी संपत आली, तेव्हा ते काहीच म्हणाले नाहीत. दादा जेवताना भाकर मोडून ठेवायचा आणि तशीच सोडून उठायचा. आई बाबांसमोर वहिनीचं नाव काढत नसे, आणि मी काढलं तर चुलीत उगाच फुंकर घालत बसायची. सोलेभात त्या वर्षी घरात झाला नाही. बाळाचं बारसंही झालं नाही. सासरचं कोणी आल्याशिवाय मामा ते करणार नव्हते.

मी निमकर सरांना विचारलं. घरातलं असं बाहेर बोलू नये हे कळत होतं, तरी विचारलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुझी वहिनी तुझ्या मामाची मुलगी ना?" मी हो म्हटलं. "मग वाफ्यात जे आहे तेच. रंग न येण्याचा गुण एकाच बाजूनं आला तर दबून राहतो. दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो. आणि एकाच घराण्यातली दोन माणसं लग्न करतात तेव्हा दोघांकडेही तो असण्याचा संभव वाढतो. कोणाच्या वागण्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्या मुलीच्या डोळ्यांना आणि कातडीला उन्हापासून जपा, एवढंच." मला तेव्हा रडू आलं. पण घरी हे सांगायचं कसं? लग्न न झालेल्या मुलीनं बापासमोर आणि भावासमोर अशा गोष्टी उच्चारायच्या, आणि त्या वाटाण्याच्या हवाल्यानं. दोन शनिवार मी ठरवून आले आणि न बोलता परत गेले.

इथं जरा थांबून आजचं सांगते. मी पुढं नोकरीची सगळी वर्षं वाटाण्याचे वाण तयार करण्यातच घालवली. त्या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे पानांवर पिठासारखा पसरणारा रोग, त्याला आपण भुरी म्हणतो. भुरीला दाद न देणारं झाड शोधायला आम्ही वाफेच्या वाफे पालथे घातले, आणि त्यातला जो गुण आमच्या कामी आला, तोही असाच दबून राहणारा होता, दोन्हीकडून आला तरच दिसणारा. नव्या मुलामुलींना हे शिकवताना ती दबून राहणाऱ्या गुणाला सहज 'कमजोर' म्हणत. मी तो शब्द त्यांना वापरू देत नसे. ते कशामुळे, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

तर तिसरा हिवाळा. त्या जांभळ्या झाडांचं बीही बाबांनी खिडकीतल्या गाडग्यात लिंपून ठेवलं होतं. ते पेरायची वेळ आली तेव्हा मी यवतमाळला परीक्षेत अडकले होते, म्हणून बाबांनीच पेरलं. आपल्या सवयीनं त्यांनी ते आधी सुपात घेऊन निवडून पाहिलं होतं. दाणा न्‌ दाणा भुरकट, एकसारखा. मी आले तेव्हा मला म्हणाले, "बियाणं चोख हाय तुहं." त्यांच्या तोंडून हे ऐकायला माणसं लांबून यायची, त्यामुळे मला बरं वाटलं. संक्रांत जवळ आली होती. एका रविवारी मी वाफ्यात तण काढत होते, फुलं नुकती धरू लागली होती, आणि बाबा खुरपं घेऊन आले. जांभळ्या झाडांमध्ये मधूनमधून, चारांत एखादं म्हणा, पांढऱ्या फुलाचं झाड होतं. बाबांनी पाहिलं, आणि वाकून त्यातल्या पहिल्याच झाडाच्या बुडाला हात घातला.

मी म्हटलं, "बाबा, उपटू नका ते."

"भेसळ हाय."

"भेसळ नाही."

"शालू, मले शिकवतं का? एक जांभळा वाफा, त्यात पांढरं कुठून आलं मंग? कोणाचं तरी बी मिसळलं."

"कोणी मिसळलं? गाडगं तुम्ही लिंपलं. तुम्हीच फोडलं. पेरलं तुम्ही."

बाबा तसेच वाकलेले राहिले. झाडाच्या बुडाला धरलेला हात सुटला नव्हता. आता थांबले तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"म्या सोता निवडलं," ते हळूहळू म्हणाले, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "दाणा न्‌ दाणा भुरका होता."

"हो ना."

"गेल्या साली सारे जांभळेच होते."

"हो."

"अन्‌ त्याच्या आंधी?"

"त्याच्या आधी एक पांढरं होतं, एक जांभळं. वहिनीनं अन्‌ मी त्यांचं लावलेलं."

बाबा खाली बसले. खुरपं बाजूला ठेवलं. वाफ्याकडे ते आता उपटणाऱ्याच्या नजरेनं पाहत नव्हते, बियाण्याकडे पाहत तसे पाहत होते. "म्हणजे गेल्या साली पांढरं मेलंच नव्हतं."

"नाही. दिसत नव्हतं फक्त. एकीकडून आलं तर दिसत नाही. दोन्हीकडून आलं तर दिसतं."

"दोन्हीकून," बाबा म्हणाले. इंजिन चालू होतं, पाटाचं पाणी खळखळत होतं. "दोन्हीकून म्हणजे बापाकूनही."

मी मान हलवली.

"म्हणजे आपल्या पोराकून. अन्‌ मंदाकून. दोघाईतही व्हतं म्हणतं तू. पण ते त्याईच्यात आलं कुठून? आपल्या घरात तं सात पिढ्यात असं कोणी नाई."

"तुमच्या घरात नाई," मागून आईचा आवाज आला.

ती आमची शिदोरी घेऊन आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं टोपलं डोक्यावरून उतरवलं, धुऱ्यावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसली. आई उभ्यानं बोलणारी बाई. कामाच्या वेळेला ती बसली याचंच मला नवल वाटलं.

"माह्या घरात व्हतं," ती म्हणाली. "मले बहीण व्हती. माह्या पाठची. अशीच. पांढरी शुभ्र, केसाईसकट."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ही बहीण त्यांना कधी भेटली नव्हती.

"गोदावरी नाव व्हतं. पण तिले लोक भुरी म्हणत. उजेडात तिचे डोळे दुखत, म्हणून आई तिले आतल्या खोलीत ठेवे. पाहुणे आले का खोलीची कडी बाहेरून. मी लपून तिच्यापाशी जाऊन बसो. ती गाणं छान म्हणे. ताप आला अन्‌ गेली. भाऊ तं तवा पाळण्यात व्हता, त्याले मालूमच नाई. मंग बापानं सांगतलं, हिचं नाव आता कोणी घ्यायचं नाई, मोठीचं लगन व्हायचं हाय. मी घेतलं नाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "पोट्ट्यानं सांगतलं तवाच मले कळलं व्हतं. पण मले वाटे, मी सांगतलं तं तुम्ही म्हणान, तुह्या माहेरात दोष हाय, अन्‌ तूच तिथली सून आणली. माह्या भावाची आणखी एक पोरगी लग्नाची हाय. मी भेली."

मला वाटलं बाबा आता रागावतील. ते उठले, टोपल्यापाशी गेले, झाकलेलं फडकं काढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो आईच्या हातात दिला. "खाय," म्हणाले. आमच्याकडे बायका आधी खात नसत, शेतात तर नाहीच. आईनं तो तुकडा हातात धरून ठेवला. मग बाबा वाफ्यात परत आले आणि ज्या झाडाला त्यांनी उपटायला धरलं होतं, त्याच्या बुडाशी निघालेली माती पायानं नीट दाबली. कित्येक आठवडे आपण खांदे आवळून बसलो होतो हे मला ते सैल झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही दिग्रसला गेलो. घर बंद करून सगळे एकदम बाहेर पडल्याचं मला दुसरं आठवत नाही. दादाला बाबांनी सकाळी गोठ्यात सगळं सांगितलं. काय शब्दांत ते मला ठाऊक नाही, पण दादा आत आला तो थेट ट्रंक उघडून छत्री शोधायला लागला. हिवाळ्याच्या दिवसांत. आईनं विचारलं, तर म्हणाला, "लेकराले ऊन लागन." बसमध्ये तो ती छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसला होता.

मामांच्या घरी वहिनी दारातच होती. बारीक झाली होती. तिनं कोणाच्या पाया पडायला वाकायची घाई केली नाही. दादाकडे पाहून तिनं एवढंच विचारलं, "न्यायले आले का पाहायले?"

"न्यायले," दादा म्हणाला.

"एवढ्या दिवसानं?"

दादानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा आई पुढं झाली. तिनं वहिनीला पडवीत बसवलं, आणि मामांसमोर, मामींसमोर, आपल्या धाकट्या बहिणीची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मामा ऐकता ऐकता भिंतीला टेकले. त्यांना स्वतःची एक बहीण त्या दुपारी मिळाली आणि त्याच दुपारी गेलीही. वहिनी मात्र आईच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "आत्या, तुम्ही हे आंधी काहून नाई सांगतलं? मले इथं काय काय आयकाव लागलं."

"भेली मी, मंदा."

"मीही भेलतीच ना. मी तं एकटीच भेलती."

आईनं कारणं सांगितली नाहीत, आणि मला वाटतं तेच बरं झालं. मग वहिनी उठली, आतल्या खोलीत गेली, आणि दुपट्यात गुंडाळलेली मुलगी आणून आईच्या मांडीवर ठेवली. खोलीची खिडकी उघडी होती, हे मी पाहिलं. मुलीचे केस कापसाच्या पेळूसारखे होते, डोळे फिक्या राखाडी रंगाचे आणि सतत हलणारे. आईनं तिला उजेडाकडे पाठ करून धरलं. त्या मुलीला कसं धरायचं हे आईच्या हातांना ठाऊक होतं.

बारसं आमच्या घरी झालं. सगळ्या गावाला बोलावणं होतं, गिरजाकाकूलासुद्धा. घुगऱ्यांसाठी आई माझ्या वाटाण्यावर नजर ठेवून होती, पण मला ते बी पुढच्या वर्षासाठी हवं होतं, म्हणून तिनं हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या. जमलेल्या बायकांनी नावं सुचवली, चांदणी, पूर्णिमा, हिरा. वहिनी म्हणाली, रंगाचं नाव नको. कोणीतरी आईला हळूच विचारलं, बहिणीचं नाव देता का. आई म्हणाली, "तिचं तिच्यापाशी राहू द्या. इले इचं पाहिजे." शेवटी वहिनीनं सुनंदा नाव काढलं. आत्या म्हणून मी पाळण्यात वाकून तिच्या कानात कुर्रर्र करून ते सांगितलं, आणि तिनं माझ्या वेणीचं टोक मुठीत पकडलं. आज ती यवतमाळला एका शाळेत संगीत शिकवते. गॉगल आणि टोपीशिवाय बाहेर पडत नाही, आणि रस्त्यात कोणी टक लावून पाहिलं तर थांबून त्याला वेळ विचारते. तिची दोन्ही मुलं सावळी आहेत.

त्या दिवशी पंगत उठत आली होती. बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. बियाण्यासाठी नेहमी येणारा शेजारगावचा एक म्हातारा कास्तकार पाळण्यात डोकावून आला, त्यांच्याजवळ टेकला आणि त्यानं सहज विचारलं, "पोट्टी कोणावर गेली म्हणाव?"

आई वाढता वाढता थांबली.

"माह्या मेव्हणीवर," बाबा म्हणाले.

"तुले कुठं मेव्हणी हाय?"

"व्हती. गोदावरी. लायनपणीच गेली." बाबांनी कातरलेली सुपारी त्याच्या हातावर ठेवली. "बस. घुगऱ्या खाऊन जाय."